फुटामागं एक सूत

अमीननं टेपचं टोक होडीच्या नाकावर अंगठ्यानं दाबून धरलं आणि दुसरं टोक जोतीराम मिस्त्रीच्या हातात दिलं.

"ओढू नका, मिस्त्री. नुसतं धरा."

जोतीरामनं धरलं. सोप्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी सांगाडा पसरला होता. नुसत्या फासळ्या आणि लांब पट्ट्या, अंगावर कापड नाही. त्याच्या बाजूनं आत जायचं तर पोट आत घ्यावं लागे. ही होडी आहे हे नव्या माणसाला सांगावं लागायचं, आणि सांगितल्यावर तो होडीऐवजी जोतीरामकडंच बघायचा. बायको, तानाबाई, होती तोवर म्हणायची, घरात पाळणा टांगायला जागा नाही आणि हे गलबत. तिला जाऊन सहा वर्षं झाली. आता पोट आत घेऊन चालणारा जोतीराम एकटाच होता.

"सतरा फूट दोन इंच," अमीन म्हणाला. "आन् वर एक सूत."

"सतरा फूट."

"टेप बघा की."

"कापडी टेप तुझा. पावसात भिजून आटलाय."

अमीन वयानं लहान असला तरी ताडपत्र्या शिवणाऱ्यांच्या घरातला होता. त्यानं वाद घातला नाही. पिशवीतून पोलादी टेप काढला, पुन्हा नाकापासून शेपटापर्यंत नेला आणि आकड्यावर बोट ठेवून बाजूला झाला. जोतीरामनं चष्मा लावून वाचलं. सतरा फूट, दोन इंच, एक सूत.

"कारखान्यात जाऊन बघ, माझ्या मापात कधी केसाचा फरक..." असं म्हणत जोतीरामनं पायजम्याच्या लांब खिशातून आपली पितळी पट्टी काढली. फूटभराची पट्टी, तीस वर्षं हाताळून आकडे पुसट झालेले. ती त्यानं टेपच्या शेजारी जमिनीवर ठेवली. सुरुवातीची टोकं जुळली. शेवटाला पट्टी टेपच्या एक फुटाच्या रेघेपुढं गेली होती. फार नाही. एक सूत.

जोतीरामनं पट्टी उचलली, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसली आणि परत ठेवली. पुसून काय ती लहान होणार होती?

आता उद्यमनगरातल्या कारखान्यांतल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगितलेलं बरं. लोखंडाचा रस साच्यात ओतला की गार होताना तो आकसतो, फुटामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून ज्याच्यावरून साचा उठवायचा तो लाकडी नमुना मुळातच तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी गणित कोण करत बसणार? म्हणून नमुने करणाऱ्या मिस्त्रींची पट्टीच वेगळी असते. तिच्यावर एक फूट लिहिलेलं असतं, पण ती असते फूट आणि एक सूत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगतात, की बाबा, ही पट्टी कारखान्यात ठेवायची, घरी न्यायची नाही. जोतीरामनं हे आजवर तीस-चाळीस जणांना सांगितलं असेल. आणि स्वतः तो ती पट्टी खिशात घालून देवळातसुद्धा जायचा.

अमीनला सगळं कळायला वेळ लागला नाही. सतरा फुटांना सतरा सूतं, म्हणजे दोन इंच एक सूत.

"म्हंजे मिस्त्री," तो म्हणाला, "तुम्ही गौसचाचाला कापडाच्या मापाची चिठ्ठी दिली ती ह्या पट्टीची. आन् त्यांनी कापड कापलं ते टेपनं."

जोतीरामनं पट्टी उचलून खिशात घातली.

"म्हंजे गौसचाचाचं माप बरोबर हुतं."

"व्हय."

"आमच्या बोळात अजून म्हणत्यात," अमीन म्हणाला. "कुणाची ताडपत्री कमी पडली की म्हणत्यात, गौसचं माप."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं असावं की हे सांगायला नको होतं. तो टेप गुंडाळायला लागला. जोतीराम सांगाड्याच्या पुढच्या जागेकडं बघत उकिडवा बसला होता.

ती पुढची जागा गौसची होती. मागची जोतीरामची. दोन माणसांची होडी, वरून बंद, कमरेपुरती दोन भोकं ठेवलेली. तेरा वर्षांपूर्वी, चौसष्ट साली, एका कारखान्यात मशीन बसवायला जर्मन साहेब आला होता. तो घडीची होडी घेऊन रंकाळ्यावर जायचा आणि अर्धं कोल्हापूर काठावर जमायचं. एकदा घाटाच्या पायरीला आपटून तिची फासळी मोडली आणि खालची खोळ फाटली. फासळी करायला जोतीरामला बोलावलं, खोळ शिवायला गौसला. होडी आठ दिवस दोघांच्या ताब्यात होती. जोतीरामनं तिची इंचन् इंच मापं उतरून घेतली. जाताना साहेब मालवणच्या खालच्या समुद्राचा एक नकाशा देऊन गेला. किनाऱ्यापासून आत खडकाळ बेटं होती, त्यांच्यावर त्यानं पेन्सिलीनं गोल केला होता. ही होडी तळ्यातली नव्हे, समुद्रातली, एवढं त्यानं हातवारे करून सांगितलं. त्याचं स्वतःचं जाणं काही झालं नाही.

त्या गोलानं दोघांना धरलं ते धरलंच. दर रविवारी जेवणं झाली की गौसच्या घरी नकाशा उघडायचा. कुठल्या एस.टी.नं जायचं, होडी टपावर कशी बांधायची, फोंडा घाटात ती खाली आली तर काय, बेटावर तंबू कुठं ठोकायचा, स्टोव्ह न्यायचा की चूल मांडायची. एकेका प्रश्नावर महिना जायचा. जोतीरामची वही भरत गेली. सागाच्या पट्ट्या तीनदा केल्या आणि तीनदा मोडल्या, कारण मनासारख्या झाल्या नव्हत्या. पाचेक वर्षं सांगाड्यातच गेली. घाई कुणाला होती? कुणी विचारलं की जोतीराम सांगायचा, आम्ही दोघं समुद्रात जाणार हाय. हे त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की 'मी जाणार' असं त्याला म्हणताच यायचं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या रविवारी, गौस खोळ शिवून घेऊन आला. कारखान्यातले पाचसहा जण बघायला जमले होते. खोळ एका टोकाकडून चढवली, ओढत आणली, आणि दुसऱ्या टोकाला दोन इंच कमी पडली. दोघांनी ओढली, चौघांनी ओढली. आकाराम म्हणून जोतीरामच्या हाताखालचा मिस्त्री होता, तो फिस्सकन हसला. ते हसू जोतीरामच्या डोक्यात गेलं.

"पंचवीस वर्षं ट्रकावर ताडपत्र्या घातल्यास, गौस," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. "तिथं चार बोटं इकडं-तिकडं चालतंय. हे काम तुझं न्हवं."

गौसनं एवढंच विचारलं, "चिठ्ठीत सतरा लिवलंय का?"

"लिवलंय."

"मी सतराच कापलंय."

"मग हे काय हाय?"

गौसनं खोळ घडी केली, सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि गेला. त्यानंतर बोलणं नाही, जाणं-येणं नाही. रस्त्यात गाठ पडली तर एक जण पानाच्या दुकानाकडं वळायचा आणि एक जण आभाळाकडं बघायचा. जोतीरामला वाटायचं, चूक त्याची, आधी त्यानं यावं. पण वहीत प्रत्येक वस्तू तो दोन-दोनच लिहीत राहिला. दोन ताटल्या, दोन कांबळी, दोन वल्ही.

आता महिनाअखेरीला त्याला कारखान्यातून रजा मिळणार होती, ती कायमची. जानेवारीत समुद्र शांत असतो. त्यानं मनाशी बेत केला होता की अमीनकडून नवी खोळ करून घ्यायची, होडी पुरी उभी करायची, आणि मग गौसच्या दारात जाऊन म्हणायचं, होडी तयार हाय, चल. मागचं कुणीच काढायचं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला दुसरं काही नको होतं. ती पुढची जागा भरलेली हवी होती, आणि तीही गौसनंच.

"मग मिस्त्री," अमीननं विचारलं, "मी कापड कितीचं कापू?"

"काय कापू नकोस," जोतीराम उठत म्हणाला. "तुझी फेरी वाया गेली. पण एक काम कर. बोळात जाशील तवा सांग सगळ्यास्नी, की चुकलं ते जोतीरामचं. पट्टीचं पण सांग."

"नक्की सांगू?"

"मोठ्यानं सांग."

अमीन गेल्यावर त्यानं तोंड धुतलं, टोपी घातली, नकाशा आणि वही पिशवीत टाकली. पट्टी खिशात होतीच. दुपारच्या उन्हात तो सायकलवर बसला. वाटेनं काय म्हणायचं त्याची जुळवाजुळव चालली होती. 'गौस, माझं चुकलं' हे फार नाटकी वाटत होतं. 'अरे मर्दा, एक गंमत झाली' हे तर अगदीच निर्लज्जपणाचं. गौसच्या शनिवार पेठेत शिरेपर्यंत त्याला धड एक वाक्य सापडलं नव्हतं. छातीत मात्र बरं वाटत होतं, कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं. चूक आपली आहे म्हटल्यावर ती मिटवणंही आपल्या हातात आलं.

गौस अंगणात दोऱ्याला मेण लावत बसला होता. केस पार पांढरे झाले होते. रोशनबी, त्याची बायको, उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. ती आधी उठली.

"भावजी," ती म्हणाली, आणि पुढं काय म्हणावं ते न सुचून पाणी आणायला आत गेली.

गौस उठला नाही. त्यानं पायानंच पाट पुढं सरकवला.

"बस."

जोतीराम बसला. पट्टी काढून त्यानं गौसच्या समोर ठेवली. गौसचा टेप शेजारीच पडला होता, तो उलगडून पट्टीला लावला. तोंडानं सांगायला त्याला जमलं नसतं. गौसनं चष्म्याच्या वरून एकदा पाहिलं आणि परत दोऱ्याला मेण लावायला लागला.

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला.

"कधीपासनं?"

"दुसऱ्या दिवसापासनं. घरी येऊन टेप लावला, सतरा भरलं. म्हटलं, माझं बरोबर असंल तर तुझं चुकलं असणार. आन् तुझ्या हातात दुसरी पट्टी मी कधी बघितली न्हाई."

"मग सांगायचंस की."

"तू विचारायचंस की."

रोशनबीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. जोतीरामनं तो उचलला, पण प्याला नाही.

"चार माणसांत बोललास, मर्दा," गौस म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मला वाटलं, येशील. पट्टी तुझ्याच खिशात हुती, आज न उद्या हाताला लागंल. सहा महिने वाट बघितली. मग सोडून दिलं."

"चुकलं माझं."

"व्हय."

"अमीनला सांगितलंय, बोळात सांग म्हणून. मी सोता येऊन सांगतो पायजे तर."

"अमीनला सांगितलंस न्हवं? मग तू कशाला येतोस. दिवस मावळायच्या आत गडमुडशिंगीपतोर कळलं असंल."

गौस जरासा हसला. दोन वर्षांनी त्याचा पुढचा मोडका दात दिसला, आणि जोतीरामला एकदम हलकं वाटलं. तो घटाघटा पाणी प्याला आणि त्यानं पिशवीतून नकाशा काढून समोर जमिनीवर पसरला. घड्यांवर तो फाटायला आला होता.

"खोळ हाय न्हवं अजून?"

"हाय."

"तिला हात लावायचा न्हाई. तुझा एक टाका उसवायचा न्हाई. मी सांगाडा कापतो. दोन इंच एक सूत, आठ दिवसांचं काम हाय. जानेवारीत पैल्या पंधरवड्यात निघू. वहीत सगळं लिवलंय."

गौसचा हात दोऱ्यावर थांबला. त्यानं रोशनबीकडं पाहिलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"सांगा की त्यांस्नी," ती म्हणाली.

"आम्ही जाऊन आलो," गौस म्हणाला.

"कुठं?"

"बेटावर. औंदाच्या जानेवारीत."

जोतीरामला आधी ते नीट कळलंच नाही. नकाशावरचा पेन्सिलीचा गोल त्याच्या बोटाखाली होता. त्यानं बोट काढून घेतलं.

"होडी?"

"खोळ हुतीच. सयाजी सुताराकडनं सांगाडा करून घेतला. बेंगरूळ हाय, तुझ्यासारखं काम न्हाई. पण सतरा फूट हाय."

"संगं कोण?"

गौसनं हनुवटीनं उंबऱ्याकडं खूण केली.

जोतीरामनं रोशनबीकडं पाहिलं. दहा-अकरा वर्षं दर रविवारी तो या घरात आला होता. दर रविवारी तिनं चहा दिला होता, आणि नकाशावर कप ठेवायचा नाही म्हणून दोघं तिला ओरडले होते. भाभींचं माहेर कोकणातलं, एवढं त्याला ठाऊक होतं. कोकणात म्हणजे कुठं, हे विचारावं असं त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"निवतीच्या जवळचं गाव हाय माझं, ह्या बेटांच्या समोरच," तीच म्हणाली. "बा जाळी टाकायचा."

"हे तुला ठाऊक हुतं की," जोतीराम गौसला म्हणाला.

"गाव ठाऊक हुतं. पण बाईमाणसाला काय विचारायचं, असं वाटलं," गौस म्हणाला. "तू यायचा बंद झालास. रविवारी बसायचं कुणासंगं? नकाशा तुझ्याकडं. हिच्याजवळच बोलाय लागलो. तर हिनं पैल्यांदा काय विचारावं? पाणी किती नेणार?"

"पाणी?"

"बघ की तुझ्या वहीत. मीच तुला सांगत हुतो आन् तू लिवत हुतास. हाय का पाणी?"

जोतीरामनं वही उघडली. चटणी होती, कांदे होते, मीठ, काडेपेट्या, रॉकेल, सुतळी, बॅटरीचे सेल, पायाला लावायचं खोबरेल तेल, मेणबत्त्या. तीन पानं होती. पाणी नव्हतं. जन्म पंचगंगेच्या काठावर गेलेला. तहान लागली की ओंजळ भरायची, नाहीतर कुणाच्याही दारात उभं राहायचं. चारी बाजूंनी पाणी असलेल्या ठिकाणी पाणी घेऊन जायचं असतं हे इतक्या वर्षांत दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"बेटावर गोडं पाणी टिपूसभर न्हाई," रोशनबी म्हणाली. ती आता पाटाजवळ येऊन बसली होती आणि पदर सावरून नकाशावर वाकली होती. "तंबू वाळूत ठोकायचा म्हणून तुम्ही भांडत हुता. वाळू न्हाईच तिथं. नुसता खडक. भरती चढली की हा एवढाच उरतोय. आन् तुम्ही लिवलंय दुपारचं जेवून निघायचं. दुपारी खारा वारा सुटतोय, परत किनाऱ्याला आणून टाकलं असतं तुम्हास्नी. पहाटं निघायचं, जमिनीवरचा वारा असतोय तवा. तो नेतोय. दुपारचा वारा आणतोय."

"हे तुम्ही बोलला न्हाईसा कधी, भाभी."

"तुम्ही दोघं इतकं रंगात यायचा," ती म्हणाली, "मला वाटायचं, कशाला मोडता घाला."

गौसनं खाकरून घसा साफ केला.

"मला तर नाव काढू नगस त्या समुद्राचं. किनारा सुटला न्हाई तोवर पोटात ढवळाय लागलं. जाताना ओकलो, येताना ओकलो, खडकावर रातभर डोकं धरून पडलो. ही एकटी वल्हवत हुती. अल्लाची कसम घेतलीया, परत न्हाई जायचो. बघितलं, झालं."

"आन् तुम्ही?" जोतीरामनं रोशनबीला विचारलं.

नकाशावरच्या निळ्या भागावर तांदळाचा एक दाणा पडला होता, तो तिनं टिपून घेतला.

"नऊ वर्षांची हुते तोवर बा न्यायचा मला होडीत. मग शहाणी झाली म्हणून बंद केलं. त्यावर आता बसले. पस्तीस-छत्तीस वर्षं झाली मधी." ती थांबली. "तिथं खडकाला गुहा हायत्या. पाकोळ्यांनी भरलेल्या. आम्ही गेलो तवा सगळ्या एकदम भाईर आल्या. ह्यांनी बघितलंच न्हाई, ह्यांचं डोकं खाली. मी एकटीनंच बघितलं."

तिला परत जायचं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि होडीत दोनच जागा, एक जण शपथ घेऊन बसलेला, दुसरा परका पुरुष. शनिवार पेठेत कुणी तोंडानंही उच्चारणार नाही अशी ती गोष्ट होती, म्हणून ती कुणी उच्चारली नाही. रोशनबी उठून परत उंबऱ्यात गेली आणि सूप मांडीवर घेतलं.

जोतीरामला राग यायला हवा होता. तो येतो का म्हणून त्यानं वाट पाहिली. आला नाही. गौसनं फसवलं नव्हतं. सहा महिने थांबून मग माणूस आपल्या वाटेनं गेला होता, त्यात गैर काय? दोन वर्षं जोतीराम धरून चालला होता की भांडण आहे म्हणून आपण एकटे पडलो. आता भांडण मिटलं होतं, गौस समोर बसून दात दाखवत होता, आणि एकटेपणा होता तिथंच होता. त्याला फार वाईट वाटलं.

"खडक घसरडा हाय का?" त्यानं विचारलं.

"शेवाळ हाय," गौस म्हणाला. "अनवाणी उतरायचं. चप्पल घालून गेलास की गेलास."

जोतीरामनं ते वहीत लिहून घेतलं. मग पाण्याचं लिहिलं, वाऱ्याचं लिहिलं. भरतीचं विचारलं, तेव्हा रोशनबीनं तांदूळ निवडता निवडता तिथी धरून कसं मोजायचं ते सांगितलं. तासभर तो लिहीत होता. शाळेत असतानाही त्यानं इतकं मन लावून लिहिलं नसेल. मधे चहा झाला. नकाशावर कप कुणीही ठेवला नाही.

निघताना गौस आतून खोळ घेऊन आला. समुद्राच्या मिठानं तिच्यावर पांढरे पट्टे उठले होते.

"घेऊन जा," तो म्हणाला. "मला काय करायची? सयाजीचा सांगाडा पण ने पायजे तर."

"नगं. माझाच कापतो."

"काप. पण टेप लावून काप."

दोघं हसले. गौसनं स्वतःच ती कॅरिअरला बांधली, चार पदरी सुतळीनं, ट्रकवर बांधतात तशी गाठ मारून. रविवारी ये म्हणाला. जोतीराम येतो म्हणाला. ते खरंच होतं, तो येणार होता. चहा मिळणार होता, गप्पा होणार होत्या. फक्त आता कुठं जायचं ते ठरवायचं उरलं नव्हतं.

तो सायकल वळवत असताना रोशनबी दारापर्यंत आली.

"तुम्ही जाणार न्हवं, भावजी?"

"बघू."

"बघू नगा. जावा," ती म्हणाली. "एकटं असलं की मागं बसायचं. पण पुढची जागा मोकळी सोडू नगा, नाक वर ऱ्हातंय आन् वारं होडी फिरवतंय. पाण्याचे डबे पुढं ठेवा, गच्च बांधून. तेलाचे मोठे डबे असत्यात न्हवं, तसले तीन." तिनं मागं वळून गौसकडं एकदा नजर टाकली. "तीन भरले की ह्यांच्याएवढं वजन हुतंय."

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर जोतीराम लक्ष्मीपुरीत गेला. तिथं रस्त्याच्या कडेला शालूबाई रिकामे डबे विकायची. तेलाचे, तुपाचे, बिस्किटांचे डबे एकावर एक रचून ती मधे बसलेली असे, आणि गिऱ्हाईक डबा उचलून बघायला लागलं की तिचं तोंड सुरू व्हायचं.

"ठोकून काय बघताय, मिस्त्री? मडकं हाय का ते?"

"गळतोय का बघतोय. पाणी भरायचंय."

"घरात नळ न्हाई?"

"समुद्रात न्यायचंय."

शालूबाईनं तंबाखू चोळता चोळता मान वर केली. होडीवाला मिस्त्री तिला ऐकून माहीत होता, लक्ष्मीपुरीत कुणाला नव्हता?

"निघालासा म्हणायचं शेवटाला. किती जण हायसा?"

जोतीरामच्या तोंडात 'आम्ही' आलं होतं. ते त्यानं तिथंच थांबवलं. हातातला डबा खाली ठेवला, दुसरा उचलला, उजेडाकडं धरून आत डोळा लावून पाहिलं. आत स्वच्छ होतं, कुठं भोक नव्हतं.

"मी एकटाच हाय," तो म्हणाला.

"मग एक डबा बास की. एकटा माणूस तीन डबे पाणी पितोय व्हय?"

"तीन दे," जोतीराम म्हणाला. "तीनच लागत्यात."